सव्वाचारची भवानी

हितेशने खोक्याच्या पुढच्या बाजूवर ब्लेड फिरवलं, पुठ्ठ्याचा पट्टा ओढून काढला आणि तूरडाळीची चोवीस पाकिटं खोक्यासकट फळीवर सरकवली. पाकिटं एकेक काढून मांडत बसायचं नाही. खोकं हीच मांडणी. हात हे करत होते. नजर रस्त्यापलीकडे होती.

पलीकडे भागोजी उभा होता. सकाळी सहाला त्याने दुकानाच्या फळ्या काढल्या, उदबत्ती ओवाळली, तराजू पुसला, आणि तेव्हापासून तो गल्ल्यामागे उभाच होता. पाठीशी खुर्ची होती. पण दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय भागोजी खुर्चीत बसत नसे. बापाचा नेम होता, तो त्याने चालवला होता. रेवस रस्त्यावरच्या या नाक्यावर हे सगळ्यांना माहीत होतं. काका उभा आहे म्हणजे भवानी व्हायची आहे. बसला म्हणजे झाली.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने बिडीचं बंडल घेतलं. भागोजीने नोट दोन्ही डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, तराजूला टेकवली. मग बसला.

हितेशने पुठ्ठ्याच्या पट्ट्यावर पेन्सिलीने लिहिलं : ९.२०.

"बसले का काका?" प्राप्तीने कॅश काउंटरवरून विचारलं. ती मात्र साडेसहापासून बसलेली होती. या दुकानात कॅशियरने बसूनच काम करायचं असा नियम होता.

"बसले."

"मागच्या आठवड्यात साडेआठला बसायचे. दादा, तुम्हाला त्यांच्या पायांची एवढी काळजी असेल तर एक स्टूल पाठवा."

हितेश हसला नाही. मागच्या खोलीत जाऊन त्याने पट्टा भिंतीवरच्या खिळ्याला टोचला. खाली जुने पट्टे होते.

६.१०
६.१५
७.४०
७.३५
८.३०

गणपतीनंतर त्याने दुकान उघडलं होतं. आता मार्गशीर्ष लागत होता.

*

नियम. एका वस्तूचा एकच प्रकार ठेवा. निवड करायला लावलं की गिऱ्हाईक थांबतं.

नियम. गिऱ्हाइकाची पिशवी भरू नका. त्याचे हात मोकळे आहेत.

नियम. शेजारच्या दुकानाबद्दल बोलू नका. चांगलं नाही, वाईटही नाही.

हे नियम एका निळ्या फायलीत होते, आणि ती फाईल अनेक देशांत तशीच होती. कंपनी जर्मन, हितेश कामाला होता ते दुकान आयर्लंडमधल्या लिमरिकचं, मॅनेजर बाई पोलंडची. देश बदलला की दारातलं दूध आणि पाव तेवढे त्या देशाचे ठेवायचे, त्यावर तिथला झेंडा छापायचा. बाकीचं दुकान असं असायचं की एका देशातल्या माणसाने दुसऱ्या देशात डोळे मिटून चालावं आणि हात पिठावर पडावा.

चार वर्षं तो तिथे होता. त्या दुकानासमोर दोन म्हाताऱ्या भावंडांचं किराणा दुकान होतं. चौदा महिन्यांत ते बंद पडलं. कोणी कोणाला शिवी दिली नाही. कोणी आवाज चढवला नाही. शेवटच्या दिवशी ती म्हातारी बहीण जर्मन दुकानातच येऊन मांजराचं खाणं घेऊन गेली, आणि हितेशने ते स्कॅन केलं. त्या दिवशी त्याला कळलं की आपण इथे काय शिकत होतो.

परत आल्यावर त्याने भागोजीच्या बरोबर समोरचा गाळा घेतला. नाव ठेवलं 'रोजचं'.

नाक्यावरच्या बायकांना सुरुवातीला हे दुकान म्हणजे चेष्टा वाटली. नलू मासेवाली पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"सामानाची गाडी ढकलाया पाच रुपये अनामत? मी काय गाडी पलवून थल गावाला नेनार हाय?"

"नेऊ नये म्हणूनच, मावशी," प्राप्ती म्हणाली.

"आनि पिशवी बी आमीच भरायची? मंग तू काय करतंस?"

"बसते."

"डाल एकच?"

"एकच. पण चांगली."

"नवरा बी एकच हाय मना," नलू म्हणाली. "चांगला कुठं हाय?"

पण ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी जावेला घेऊन आली. दिवाळीपर्यंत नाक्याच्या वरच्या आळीतलं शेवटचं घरही 'रोजचं'मध्ये यायला लागलं. भागोजीचे सख्खे पुतणे पाठमोरे होऊन गाडी ढकलायचे, समोरून काकाने बघू नये म्हणून.

*

६.५०, पण ते कुठे लिहिलेलं नाही. चोवीस वर्षांपूर्वीची सकाळ.

हितेशचा बाप अंबाजी गेला तेव्हा हितेश आठ वर्षांचा होता. आई, सोनूबाई, पांढरा कांदा, वाल, तोंडली असं गाठोडं घेऊन रोज रेवसहून पहिल्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर जायची आणि भायखळ्याच्या फुटपाथवर बसायची. तिथली जागा कोणाच्या नावाची नव्हती. रोज बसेल त्याची जागा. एक दिवस चुकला तर दुसरी कोणी टोपली ठेवायची.

निघण्याआधी ती भागोजीच्या दुकानात पाव घ्यायला थांबायची. हितेशने शाळेत उपाशी जाऊ नये म्हणून दोन पाव. भागोजी हा अंबाजीचा चुलतभाऊ. तो तिला 'वैनी' म्हणायचा, आदराने म्हणायचा, आणि रोज सकाळी तेच सांगायचा.

"वैनी, जरा थांब. भवानी होऊं दे."

पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हाताने भवानी करायची नाही, हे तो उघड बोलत नसे. बोलायची गरज नव्हती. सोनूबाई बाजूला, पाण्याच्या पिंपाशी उभी राहायची. कोणी ना कोणी यायचं. कोणी तंबाखू, कोणी चहा पावडर. मग तिला पाव मिळायचे.

त्या दिवशी कोणी आलं नाही. आदल्या रात्री वरच्या आळीत हळद होती, आणि आपल्याकडची हळद म्हणजे पहाटे चारपर्यंत गाव नाचतं. सगळा नाका झोपला होता. हितेश आईबरोबर होता. जेटीकडे जाणारा टेम्पो येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. हितेशने आईच्या हातातलं नाणं घेऊन पुढे केलं.

"काका, मी करतो ना भवानी."

भागोजी वाईट बोलला नाही. हसला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्याला नको मधी घालू, वैनी. होतंय आता. एवढं काय."

टेम्पो गेला. आईने गाठोडं खाली ठेवलं नाही. ती तशीच उभी राहिली, डोक्यावर ओझं घेऊन, पिंपाशी. सहा पन्नासला एक म्हातारा काडेपेटी घ्यायला आला.

दुसऱ्या दिवशी ती भायखळ्याला पोहोचली तेव्हा जागेवर टोपली होती. त्यानंतरची अकरा वर्षं तिने मिठागरात मीठ वाहिलं. उन्हाळ्यात तिच्या टाचांच्या भेगांत मीठ बसायचं, आणि रात्री ती पाय गार पाण्यात घालून बसायची. त्या अकरा वर्षांत तिने भागोजीबद्दल एक शब्द काढला नाही. हितेशला वाटायचं, आई विसरली. किंवा माफ करून मोकळी झाली. बायका करतात.

तो विसरला नव्हता. भागोजीचं दुकान बंद पडावं एवढ्यावर त्याचं भागणार नव्हतं. त्याला एक दिवस हवा होता. भागोजीने सहाला फळ्या काढाव्यात आणि अंधार पडेपर्यंत उभं राहावं. एका दिवसाची भवानीच होऊ नये.

*

११.५०
१२.३०
२.०५
३.४०
४.१५
४.१५
४.१५
४.१५

"दादा, तुमचं घड्याळ बंद पडलंय का?" भिंतीवरचे पट्टे बघून प्राप्ती म्हणाली.

हितेशलाही तेच वाटत होतं. वेळ पुढे सरकत होती, सरकत होती, आणि पौषाच्या सुरुवातीला सव्वाचारवर येऊन अडकली. रोज सव्वाचारच्या आसपास तो बघायचा तर भागोजी खुर्चीत. गिऱ्हाईक दिसायचं नाही. भागोजीच्या दुकानाला बाजूच्या गल्लीतूनही एक तोंड होतं, तिथून कोणीतरी येऊन जात होतं.

कोणती तरी एखादी वस्तू असणार. आपल्याकडे नसलेली, त्याच्याकडे असलेली. फाईल काय सांगते ते बाजूला ठेवून हितेशने वस्तू वाढवायला सुरुवात केली. काडेपेट्या आणल्या. कापूर आणला, सुतळी, जाळी शिवायचा दोरा, दंतमंजन. तीनशे वस्तूंचं दुकान तीनशे चाळीसवर गेलं. फळ्यांवर गर्दी झाली.

४.१५.

त्याने नलूला विचारलं.

"मावशी, भागोजीकाकांकडे आता कोण जातं?"

"मना काय ठावं? मी न्हाय बाबा. मी मोबाइलवर पैसे देतंय, आनि मोबाइलची भवानी तो कपालाला कशी लावनार?"

एका गुरुवारी चार वाजता त्याने प्राप्तीला दुकान बघायला सांगितलं आणि मागच्या दाराने निघाला. रस्ता ओलांडून, पिठाच्या गिरणीला वळसा घालून तो गल्लीच्या टोकाला आला. गिरणीच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्यांमागे उभा राहिला.

चार वाजून पाच मिनिटांनी त्याची आई गल्लीत शिरली.

लग्नाला जाताना नेसायची ती हिरवी नऊवारी ती नेसली होती. भागोजीच्या दुकानापासून चार पावलांवर ती थांबली, वाकून आत पाहिलं. तो उभा आहे याची खात्री करून मग पुढे गेली.

"ये, वैनी," भागोजी म्हणाला.

"सुतली दाखव."

त्याने सुतळीचा गुंडा काढला.

"जाडी हाय. बारीक नाय?"

"वरच्या फलीवर हाय."

"मंग दाखव ना."

भागोजीने शिडी लावली. साठीचा माणूस, एका हाताने फळी धरून, तीन पायऱ्या चढला. वरून त्याने गुंडा खाली दिला. सोनूबाईने तो हातात फिरवला, उजेडात धरला, नाकाशी नेला.

"नको," ती म्हणाली. "ती परली दाखव. कोपऱ्यातली."

त्याने शिडी सरकवली.

शेवटी तिने एक काडेपेटी मागितली. भागोजीने ती पुढे ठेवली आणि हात पसरला. सोनूबाईने पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, किंवा तिने घट्ट बांधली होती. भागोजीचा हात तसाच, तळवा वर, दोघांच्या मध्ये थांबला होता. ती नखाने एकेक पीळ सोडवत होती. सोडवताना ती हाताकडे बघत नव्हती, भागोजीच्या तोंडाकडे बघत होती.

नाणं त्याच्या तळव्यावर पडलं. त्याने ते दोन्ही डोळ्यांना लावलं. कपाळाला लावलं. तराजूला टेकवलं. आणि खुर्चीत बसला, बसताना कण्हला.

आई पत्र्यांच्या पलीकडून, हितेशपासून हातभर अंतरावरून निघून गेली.

*

"किती दिवस?" त्याने घरी विचारलं.

सोनूबाई भात वाढत होती. "काय किती दिवस?"

"आये, मी गल्लीत होतो."

तिने भातावर आमटी घातली, बाजूला जवळ्याची चटणी ठेवली. ताट त्याच्याकडे सरकवलं.

"दीड महिना झाला असंल. रोज जातंय, पन रोज नाय घेत. कोनी आधी येऊन गेला असंल, तो बसलेला असंल, तं मी तशीच फिरतंय."

"मी त्याला बंद पाडतोय. दोन महिन्यांची गोष्ट आहे. आणि तू रोज जाऊन..." त्याने ताट बाजूला केलं. "कीव येते तुला त्याची?"

"कीव?" सोनूबाईने हा शब्द जवळ्यातला खडा निघावा तसा उच्चारला. ती खाली बसली, पाय पुढे पसरले. "दुकान बंद झालं, तं तो काय करनार?"

"पनवेलला जाईल मुलाकडे."

"तिकडं काय करनार?"

"बसेल घरात."

"बसंल," सोनूबाई म्हणाली. "टीवी बघंल. सुनंच्या हातचं खाईल. तुला तेच पायजे?"

हितेशने ताट पुन्हा पुढे ओढलं.

"तू लय शिकलास. परदेश बगून आयलास," ती म्हणाली. "दुकान मारायला शिकलास. जेव आता."

*

माघात एका दुपारी भागोजी स्वतः रस्ता ओलांडून 'रोजचं'मध्ये आला. दारातच थांबून त्याने चपला काढल्या. प्राप्तीने 'राहू द्या काका' म्हटलं तरी काढल्या. फळ्यांवर नजर फिरवत तो हळूहळू काउंटरपाशी आला. पाय जरा फाकून टाकत होता. घोट्यांवर सूज दिसत होती.

"चांगलं केलंस," तो हितेशला म्हणाला. "अंबाजीदादा असता तं खूश झाला असता."

"बसा ना काका." हितेशने स्टूल पुढे केलं.

"नाय, नाय. भवानी व्हायची हाय अजून." भागोजी हसला. "तुला हसू येत असंल. पन सवय हाय. दुकानाबाहेर गेलो तरी बसवत नाय."

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मी तुला सांगायला आयलो," भागोजी म्हणाला. "शिमग्याला बंदच करनार व्हतो. पोरगा ट्रक घेऊन येनार व्हता सामान न्यायला. गिऱ्हाईकच नाय तं कनाला उभं ऱ्हायचं? पन तुजी आय बोलली, नको भागोजी. शब्दच घेतला माज्याकडून. बोलली, तुजं दुकान हाय म्हनून मी चालत चार पावलं येतंय, नायतर मी घरात पडून ऱ्हाईन."

हितेशच्या हातात ब्लेड होतं. त्याने ते मिटवलं.

"माजे पुतने तुज्याकडं येतात. मना राग नाय. सोय हाय, लोक येनारच. पन वैनी एकटी येते. तुजं एवढं दुकान असून येते." भागोजीने डोळे पुसले नाहीत, पण ते ओले झाले होते. "तिच्या हाताची भवानी झाली का मना बरं वाटतं. लक्ष्मीचा हात हाय तिचा."

प्राप्ती स्कॅनर पुसत होती, ती थांबली.

"काका," हितेश म्हणाला, "पूर्वी ती सकाळी यायची तुमच्याकडे. लाँचच्या आधी. पाव घ्यायला. आठवतं का?"

भागोजीने खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठी पडली. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही लपवाछपवी नव्हती.

"येत असंल," तो म्हणाला. "तवा सगलंच गाव यायचं. कोन कोन आठवायचं?"

हितेशला पुढचं सगळं सांगता आलं असतं. पिंप, टेम्पोचा हॉर्न, गाठोडं, टोपली. चार वाक्यांत झालं असतं. आणि मग भागोजीने कदाचित फळ्या लावल्या असत्या, त्याच दिवशी, आणि पनवेलला जाऊन बसला असता.

"बरं काका," तो म्हणाला.

भागोजीने दारात चपला शोधल्या, भिंतीला हात टेकून घातल्या, आणि पलीकडे जाऊन गल्ल्यामागे उभा राहिला.

चार वाजले. चार दहा. सव्वाचार. हितेशने नव्या खोक्याचा पट्टा फाडून पेन्सिल धरून ठेवली होती. साडेचार झाले. भागोजी एकदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन आला. परत उभा राहिला. एका हाताने तराजूच्या दांडीला धरलं होतं.

"दादा, आज काय झालं?" प्राप्तीने विचारलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

हितेश बाहेर पडला. घर गल्लीने दहा मिनिटांवर होतं. तो पाच मिनिटांत पोहोचला, दारातूनच हाक मारली.

"आये? बरं नाही का?"

सोनूबाई चटईवर आडवी झाली होती, उशाशी हात. साडी साधीच होती. हिरवी खुंटीवर होती.

"बरी हाय. मना काय झालं?"

"साडेचार होऊन गेले."

"माईत हाय."

"तो उभा आहे अजून. पाय सुजलेत त्याचे, आये. दांडीला धरून उभा आहे."

"उभा असंलच," सोनूबाई म्हणाली. डोळे मिटलेले होते. "मी येनार म्हनून ठावं हाय त्याला. आज पाचला जाईन. नायतर साडेपाचला. जरा पडूं दे."

तिने कूस बदलली. तळपाय हितेशच्या दिशेने आले, आडव्या-उभ्या भेगांचे.

"पंखा वाढव रे," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

हितेशने दारात चपला काढल्या. मग आत आला आणि त्याने बटण एका आकड्याने पुढे फिरवलं.